मोल्सवर्थ: मराठीचे ६० हजार शब्द जपणारा इंग्रज फौजी, ज्याचं इंग्रजीच आता जुनं झालंय

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आज इंटरनेटवर फुकट बघता येतो. त्यात ‘खंडी’ हा शब्द शोधून बघा. इंग्रजीतलं मापाचं वर्णन समोर येतं आणि त्यात एक ओळखीचा शब्द दिसतो, कँडी.

आता कँडी म्हटलं की आपल्याला आठवतात गोळ्या आणि चॉकलेटं. मग खंडीभर धान्याचा गोळ्या-चॉकलेटांशी काय संबंध?

काहीच नाही. त्या काळी हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या बोलण्यात कँडी हे मापाचं नाव होतं. आपल्या खंडीचंच ते इंग्रजी रूप. वीस मण म्हणजे एक खंडी. हे माहीत नसलेला माणूस कोश उघडतो, गोंधळतो आणि बंद करतो.

या कोशाची खरी अडचण हीच आहे. मराठी शब्दांचा एवढा मोठा खजिना आहे, पण त्याची किल्ली पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आहे. तो खजिना कुणी भरला, कसा भरला आणि आज तो कसा उघडायचा, हे समजून घ्यायचं असेल तर आधी त्या माणसाची गोष्ट बघावी लागेल.

सोळाव्या-सतराव्या वर्षी फौजेत

जेम्स थॉमस मोल्सवर्थचा जन्म १५ जून १७९५ चा. म्हणजे पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीचं शेवटचं वर्ष चालू होतं तेव्हाचा. घरातून निघून ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होणं, ही तेव्हाच्या इंग्रज पोरांसाठी नोकरीची नेहमीची वाट होती. मोल्सवर्थही त्याच वाटेने आला. १८१२ साली तो कंपनीच्या फौजेत दाखल झाला, तेव्हा वय जेमतेम सोळा-सतरा.

फौजेत बढती हवी असेल तर इथल्या भाषा याव्या लागायच्या. हाताखालचे शिपाई इथले, बाजारहाट इथला, रस्ता विचारायचा तर तोही इथल्याच माणसाला. मोल्सवर्थ हिंदुस्थानी आणि मराठी शिकला. पण बाकीचे अधिकारी कामापुरती भाषा शिकून थांबायचे, हा थांबला नाही.

१८१८ साली पेशवाई संपली आणि मराठी मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. त्याच सुमारास सोलापूरला असताना मोल्सवर्थने मराठी शब्दांची यादी करायला सुरुवात केली. सरकारी हुकूम नाही, कुणी सांगितलेलं नाही. कानावर पडलेला शब्द लिहून ठेवायचा, एवढंच.

तोवर मराठीला कोश नव्हता का?

होता, पण तोकडा. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी या मिशनऱ्याने १८१० साली मराठीचा कोश छापला होता, तोही मोडी अक्षरांत. मुंबईत व्हान्स केनेडी या अधिकाऱ्याचा कोश १८२४ साली आला. दोन्ही कामं पायाभूत, पण रोजच्या कारभाराला पुरणारी नव्हती.

इकडे कंपनीची गरज वाढत चालली होती. वसुली मराठीत, तक्रारी मराठीत, कोर्टातली साक्ष मराठीत. एका शब्दाचा अर्थ चुकला तर कुणाची जमीन कुणाच्या नावावर जाईल याचा नेम नाही. हे लक्षात घेतलं की मुंबई सरकारने कोशाच्या कामाला पैसे आणि माणसं का दिली, ते कळतं. १८२५ च्या सुमारास मोल्सवर्थचं घरगुती काम सरकारी काम झालं.

त्याच्या जोडीला थॉमस कँडी आणि जॉर्ज कँडी हे दोघं जुळे भाऊ आले. दोघंही फौजेतलेच. (हो, आडनावही कँडीच. खंडीशी या आडनावाचा संबंध नाही, पण मोल्सवर्थच्या गोष्टीत ही नावं हटकून घोटाळा करतात.)

खरं काम शास्त्र्यांचं

कोशावर नाव मोल्सवर्थचं आहे, पण शब्द आणले ते शास्त्री-पंडितांनी. मोल्सवर्थकडे शास्त्र्यांचा एक गटच कामाला होता. त्यांनी शब्द सांगायचे, त्यावर चर्चा व्हायची, कुठे बोलतात, कोण बोलतं, कोणत्या अर्थाने बोलतात हे तपासलं जायचं, मगच शब्द आत.

याच काळात शास्त्रीमंडळींनी मराठीतून मराठीत अर्थ सांगणारा स्वतंत्र कोशही तयार केला. तो १८२९ साली छापून आला. त्याला शास्त्र्यांचा कोश किंवा पंडितांचा कोश म्हणतात. या मंडळींमधलं ठळक नाव म्हणजे परशुरामपंत तात्या गोडबोले. मराठी कवितेचं ‘नवनीत’ हे प्रसिद्ध संकलन पुढे १८५४ साली त्यांनीच केलं.

आणि १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बाहेर पडला. त्यात सुमारे ४० हजार शब्द होते.

या कोशाचं वेगळेपण आकड्यापेक्षा निवडीत आहे. पोथीत सापडतो तोच शब्द शुद्ध, असं त्या काळच्या विद्वानांना वाटायचं. मोल्सवर्थने लोकांच्या तोंडी काय आहे, हे बघितलं. त्यामुळे कोशात संस्कृत शब्द आहेत, तसे फारसी-अरबीतून आलेले कचेरीतले शब्दही आहेत. म्हणी आहेत, शिव्या आहेत, लहान पोरांचे बोबडे शब्द आहेत, कोकणातले आहेत, देशावरचे आहेत. शब्द हलका असेल तर हलका म्हणून शिक्का मारलाय, पण बाहेर ठेवलेला नाही.

मग नोकरी सोडली

पहिला कोश झाल्यावर मोल्सवर्थ उलट्या कामाला लागला, इंग्रजी-मराठी कोशाच्या. पण तब्येतीने साथ दिली नाही. १८३६ साली तो इंग्लंडला परत गेला.

आणि तिथे त्याने एक निर्णय घेतला, ज्यामुळे हा माणूस नुसता कोशकार उरत नाही. मोल्सवर्थ कमालीचा धर्मनिष्ठ होता. सैन्यात राहणं आपल्या ख्रिस्ती श्रद्धेत बसत नाही, असं त्याचं मत झालं. म्हणून त्याने फौजेचा राजीनामा दिला. एवढंच नाही, हक्काची पेन्शनही नाकारली.

थोडा विचार करा. पोरवयात परमुलखात येऊन वीसहून जास्त वर्षं नोकरी केलेली. तब्येत खराब. अशा वेळी पेन्शन म्हणजे म्हातारपणाची भाकरी. ती त्याने सोडली, कारण ज्या कामाचे ते पैसे होते ते काम त्याला पटेनासं झालं होतं.

इंग्रजी-मराठी कोशाचं अर्धं राहिलेलं काम थॉमस कँडीने हातात घेतलं आणि १८४७ साली तो कोश छापला. कँडी पुढे पुण्यातच रमला. संस्कृत पाठशाळेचा कारभार, सरकारी भाषांतरं, शाळेची पुस्तकं अशी कामं त्याने केली. मराठीत आज आपण स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह वापरतो, ती चिन्हं रुळवण्यात कँडीचा मोठा हात आहे.

दुसऱ्यांदा तेच काम

१८५१ साली मोल्सवर्थ परत हिंदुस्थानात आला. या वेळी अंगावर वर्दी नव्हती. काम एकच, जुना कोश नव्याने करायचा. वय पन्नाशीच्या पुढे गेलेलं.

सहा वर्षं तो या कामात होता. बराच काळ महाबळेश्वरला राहिला. इथल्या लोकांच्या जिभेला मोल्सवर्थ हे नाव काही झेपेना. त्याचं झालं मोलेसर. आणि हा सतत पोथ्या-शब्दांत बुडालेला, म्हणून मोलेसरशास्त्री. गोऱ्या माणसाला लोकांनी शास्त्री म्हणावं, यातच सगळं आलं.

१८५७ साली कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. उत्तरेत उठाव पेटलेला असताना मुंबईत हा ग्रंथ छापून होत होता. नऊशेहून जास्त मोठी पानं आणि सुमारे ६० हजार शब्द. म्हणजे पहिल्यापेक्षा दीडपट. मुंबईचे मिशनरी विद्वान जॉन विल्सन यांनी या आवृत्तीसाठी मराठी भाषेवर टिपण लिहिलं. आज आपण ‘मोल्सवर्थ’ म्हणतो तो हाच कोश.

१८६० साली मोल्सवर्थ कायमचा इंग्लंडला गेला आणि १३ जुलै १८७१ रोजी वारला. थॉमस कँडी त्याच्यानंतर सहा वर्षांनी, १८७७ साली, महाबळेश्वरला गेला.

सोमेश्वरनगरला याचं काय?

हा प्रश्न रास्त आहे. बारामती तालुक्यातलं सोमेश्वरनगर म्हणजे सहकारी साखर कारखाना, नीरेच्या पाण्यावरचा ऊस आणि हंगामात रस्त्यावरून चालणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. इथे १८५७ च्या कोशाचं काय काम?

तर मोल्सवर्थ कोश करत होता, तेव्हा या भागात कारखाना नव्हताच, नीरेचा डावा कालवाही नव्हता. तो कालवा आला १८८० च्या दशकात. त्याआधी ऊस लावायचा तर विहिरीवर मोट आणि बैल. मोटेचं पाणी जिथे पडतं ते थारोळं. बैल ज्या उतारावरून मागे-पुढे करतात ती धाव. मोटेला बांधलेला जाड दोर म्हणजे नाडा. ऊस तोडला की गुऱ्हाळ. रस आटवायची ती काहील, आणि पिळून उरलं ते चिपाड.

आज विहिरीवर मोटार आहे. मोट गेली, तशी धाव आणि थारोळंही गेलं. घरातली सत्तरी-ऐंशीतली माणसं हे शब्द बोलतात, त्यांची नातवंडं बोलत नाहीत. वस्तू गेली की शब्द एखाद-दुसरी पिढी तग धरतो, मग तोही जातो.

हे शब्द मोल्सवर्थमध्ये आहेत. मोट बघितलेला शेवटचा माणूस गेल्यावरही थारोळं म्हणजे काय हे सांगणारी एक जागा शिल्लक राहील, ती ही.

पण अर्थ कळला पाहिजे ना

इथे परत आपण इंग्रजीपाशी येतो. मोल्सवर्थचं इंग्रजी अठराव्या शतकात जन्मलेल्या माणसाचं आहे. शब्द तेच दिसतात, पण अर्थ सरकलेले आहेत. कोश वाचताना हमखास पाय घसरेल, असे काही शब्द:

कॉर्न. आज आपल्यासाठी कॉर्न म्हणजे मका, स्वीट कॉर्न. जुन्या ब्रिटिश इंग्रजीत कॉर्न म्हणजे कुठलंही धान्य. मळणी, खळं या शब्दांच्या अर्थात कॉर्न दिसलं, तर तिथे ज्वारी, बाजरी, गहू सगळं धरायचं. नाहीतर पेशव्यांच्या काळात सगळा महाराष्ट्र मकाच मळत होता, असा समज व्हायचा.

हस्बंडमन. यात नवऱ्याचा संबंध नाही. त्या काळच्या इंग्रजीत हस्बंडमन म्हणजे शेतकरी आणि हस्बंड्री म्हणजे शेती. ॲनिमल हस्बंड्री, म्हणजे पशुसंवर्धन, या शब्दात तो अर्थ अजून टिकून आहे.

इंटरकोर्स. हा शब्द बघून पोरं खिदळतात आणि स्क्रीनशॉट काढतात. पण एकोणिसाव्या शतकात त्याचा साधा, रोजचा अर्थ होता येणं-जाणं, व्यवहार, संबंध. दळणवळण किंवा घसट यांसारख्या शब्दांचा अर्थ सांगताना तेव्हाचा इंग्रज हाच शब्द वापरणार. त्यात चावट काही नाही.

श्रॉफ. हे आपल्याला आडनाव वाटतं. मुळात तो सराफ या शब्दाचा इंग्रजांनी केलेला उच्चार. पैसे बदलून देणारा, पेढीवाला तो श्रॉफ.

मॉंड, सीर, पाईस. हे तिन्ही इंग्रजी कमी आणि आपलेच जास्त. मॉंड म्हणजे मण, सीर म्हणजे शेर, पाईस म्हणजे पैसा. शेर-मण गावोगाव वेगवेगळे असायचे, त्यामुळे त्यांचं किलोत एकच उत्तर शोधायला जाऊ नका.

नॉडी, लबर. हे दोन्ही शब्द आता इंग्रजीतूनही जवळपास हद्दपार झालेत. नॉडी म्हणजे बावळट. लबर म्हणजे धिप्पाड पण बेंगरूळ माणूस. त्या काळच्या इंग्रजीत मूर्ख माणसासाठी शब्दांची कमी नव्हती, आणि मराठीत तर नव्हतीच. त्यामुळे अशा जागी कोशाच्या दोन्ही बाजू भरून वाहतात.

म्हणजे बघा, काम उलटं झालंय. मोल्सवर्थने इंग्रजांना मराठी कळावी म्हणून इंग्रजीत अर्थ दिले. आज मराठी माणसाला मराठी शब्द माहीत असतो, पण त्याचा अर्थ सांगणारा इंग्रजी शब्द शोधायला दुसरा कोश उघडावा लागतो.

कोश वापरायचा कसा?

शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातल्या भाषांचे जुने कोश इंटरनेटवर टाकलेत, त्यात मोल्सवर्थ आहे. पुस्तकच हवं असेल तर पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ साली या कोशाचं पुनर्मुद्रण केलं होतं. जुन्या ग्रंथालयात ते सापडतं.

शोधताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, लिखाण जुनं आहे. आपण केळे किंवा केळं लिहितो, तिथे केळें असा अनुस्वार आहे. खोबरं नाही, खोबरें. करणे नाही, करणें. शब्द सापडला नाही तर आधी टिंब देऊन बघा.

दुसरी, शब्दाशेजारी एक इंग्रजी अक्षर असतं. एस असेल तर शब्द संस्कृतातला, पी असेल तर फारसीतला, ए असेल तर अरबीतला, एच असेल तर हिंदुस्थानीतला. आपण रोज बोलतो त्यातले किती शब्द कुठून आलेत, हे बघताना वेळ कसा जातो कळत नाही.

तिसरी, नुसता पहिला अर्थ वाचून थांबू नका. म्हणी आणि खास वापर नोंदीच्या शेवटी असतात. खरी मजा तिथे आहे.

सगळंच गोड नाही

हा कोश डोक्यावर घेऊन नाचायचा तर त्याची दुसरी बाजूही बघायला हवी.

काम कंपनी सरकारच्या पैशांवर झालं, आणि सरकारला भाषा हवी होती ती राज्य चालवायला. शब्द सांगणारे होते शास्त्री, म्हणजे ब्राह्मण पुरुष. शेतकऱ्याचा, कारागिराचा, बाईमाणसाचा शब्द कोशात आला, पण तो बहुतेक वेळा त्यांच्या कानातून गाळून आला. जातींबद्दलच्या काही नोंदी आज वाचल्या तर चीड येईल. त्यात अर्थ किती आणि तेव्हाचा पूर्वग्रह किती, हे वाचणाऱ्याने वेगळं करायला हवं.

पण त्या काळातली बोलती मराठी एवढ्या मोठ्या प्रमाणावर लिहून ठेवणारं दुसरं काही आपल्याकडे नाही, हेही खरं. बाबा पदमनजी यांनी १८६३ साली याच कोशाची सुटसुटीत, छोटी आवृत्ती काढली. पुढे य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या मंडळाने १९३० च्या दशकात महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड काढले, तेव्हाही मोल्सवर्थचा आधार होता. नंतरच्या जवळपास प्रत्येक मराठी कोशाची वाट मोल्सवर्थच्या दारावरून जाते.

आणि त्याने जे काम केलं ते करायला आज सरकारी हुकूम लागत नाही, शास्त्र्यांचा गटही लागत नाही. सोलापूरला सुरुवात करताना त्याच्याकडे वही आणि कान एवढंच होतं. तुमच्याकडे तर खिशात रेकॉर्डर आहे. घरातल्या आजी-आजोबांना मोटेचे भाग विचारा, गुऱ्हाळावर कोण काय काम करायचं ते विचारा, जात्यावर बसल्यावर काय म्हणायचे ते विचारा. मग तो शब्द मोल्सवर्थमध्ये शोधा. सापडला तर त्याचं वय दीडशे वर्षांच्या वर आहे, हे कळेल. नाही सापडला तर तो शास्त्र्यांच्या कानातून निसटलेला असू शकतो, आणि मग तो लिहून ठेवण्याची पाळी तुमची.